ग्वारीघाट ते अमरकंटक : एका खंड-परिक्रमेची पूर्वतयारी

सदरच्या छावणी बाजारातून निघालेला माणूस तास-दीड तासाच्या पायपिटीने ग्वारीघाटावर पोहोचतो. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी नर्मदेचे नाते एवढ्याच अंतराचे राहिले आहे. रथसप्तमीला, म्हणजे नर्मदाजयंतीला, दीप सोडावा, पाहुणे आले की भेडाघाटचा धुवांधार दाखवावा, आणि नागपूरला लग्नकार्यास जाताना गाडीच्या खिडकीतून नाणे पात्रात टाकावे, की आपले कर्तव्य संपले! मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात या नदीच्या काठाने महिनाभर चालून उगमापर्यंत जावे, असा विचार आमच्यापैकी काहींच्या मनात आला. त्याची तयारी करू लागलो तेव्हा कळून चुकले, की पिशवीत काय भरावे याआधी या वाटेचा इतिहास चाळावा लागतो.

नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर. परिक्रमावासी एका काठाने जाऊन दुसऱ्या काठाने परततो, म्हणजे अंतर दुपटीहून कमी नाही. शास्त्रोक्त परिक्रमेस तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवस लागतात असे परंपरा सांगते; चातुर्मासात एके ठिकाणी राहावे, नदी सदैव उजव्या हातास ठेवावी, आणि तिचे पात्र कोठेही ओलांडू नये. उपनद्या ओलांडण्यास प्रत्यवाय नाही. जबलपूर उत्तर तटावर असल्यामुळे येथून निघणाऱ्याचे तोंड आपोआपच पूर्वेकडे, मंडला आणि अमरकंटकाकडे वळते.

मराठी माणसाला ही वाट परकी नाही. रावेरखेडीस याच नदीच्या काठी १७४० साली थोरल्या बाजीरावांनी देह ठेवला. महेश्वरचे घाट अहिल्याबाईंनी बांधले. माणगावच्या वासुदेवानंद सरस्वतींनी, म्हणजे टेंबेस्वामींनी, १९१४ साली गरुडेश्वरास समाधी घेतली. गो. नी. दांडेकरांनी तरुणपणी केलेल्या परिक्रमेतून ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ उभी राहिली आणि घरोघर वाचली गेली. आपल्या जबलपुरापुरते बोलायचे तर १७८१ मध्ये गढा-मंडल्याचे गोंड राज्य सागरच्या मराठ्यांकडे आले, १७९८ मध्ये ते नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि १८१७ च्या अखेरीस इंग्रजांच्या हाती पडले. छावणी आणि तिचे सदर हे त्यानंतरचे. मात्र या छत्तीस वर्षांच्या अमलाचा आपण उगाच फार गौरव करू नये, असे आमचे मत आहे. गोंड प्रजेच्या दृष्टीने तो एका धन्याच्या जागी दुसरा धनी येण्याचा काळ होता, आणि ज्या गावांत आम्हाला रात्रीचा आसरा मागावयाचा आहे ती गावे त्याच प्रजेची आहेत. आपल्या घराण्यांपैकी बहुतेक येथे आली ती पुढे रेल्वेने, १९०४ च्या तोफगाडी कारखान्याने आणि कचेऱ्यांच्या नोकऱ्यांनी. नागपूर व जबलपूर १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होती, तेव्हा ‘परगावी आलो’ असे त्यांना वाटलेही नसेल. १ नोव्हेंबर १९५६ नंतर मात्र ते वाटू लागले.

सलग परिक्रमा संसारी माणसाला झेपत नाही. तुकड्यातुकड्यांनी चालावे, थांबलो तेथूनच पुढच्या खेपेस निघावे, या खंड-परिक्रमेचा उत्तम दाखला आपल्याच शहरात आहे. अमृतलाल वेगड हे शांतिनिकेतनात नंदलाल बोसांपाशी शिकलेले चित्रकार. त्यांनी १९७७ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, जबलपूरहून मंडल्यापर्यंत पहिला टप्पा चालला आणि पुढे सुट्यांमागून सुट्या या नदीस वाहिल्या. पंचाहत्तरीच्या सुमारास ते पुन्हा निघाले, या खेपेस पत्नीसह. २०१८ साली ते गेले. वयाचे कारण सांगून माघार घेऊ पाहणाऱ्या आमच्या दोन ज्येष्ठ सभासदांना आम्ही हेच उदाहरण दिले. त्यावर एकाने, वेगड चित्रकार होते, त्यांना दर कोसाला थांबावयास निमित्त होते, असे उत्तर दिले. ते अगदीच खोटे नाही.

ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांना तेथील अपालाचियन वाट ठाऊक असेल. १९२१ मध्ये बेंटन मॅके यांनी ती सुचविली, १९३७ मध्ये ती पूर्ण झाली, लांबी सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. तेथेही वसंतात दक्षिणेकडून निघणारे असतात, आणि दरवर्षी थोडी थोडी वाट चालून ती पुरी करणारेही. फरक इतकाच, की त्यांचा मुक्काम डोंगरातल्या लाकडी निवाऱ्यात, आणि आपला सदावर्तावर व लोकांच्या ओसरीवर. आपल्याकडे आटा, डाळ, मीठ मागून घेण्यात कमीपणा नाही. किंबहुना पैसे पुढे केले तरच यजमान दुखावतो. नोकरीत पेन्शनीपर्यंत पोचलेल्या मंडळींना ही मागण्याची सवय लावणे हाच आमच्या तयारीतील सर्वांत अवघड भाग ठरेल.

आता काळाविषयी. महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी निघून गुढीपाडव्यास अमरकंटक गाठावे, असे ठरले. धुवांधार उगमापासून ४०४ किलोमीटरवर आहे. ग्वारीघाट त्याच्या थोडा वर. रोज पंधरा किलोमीटर धरले तर चार आठवडे पुरतात, पण हाताशी विसाव्याचे दिवस दोन-तीनच उरतात. फाल्गुनात पाणी उतरलेले असते, काठची वाळू मोकळी होते, पळस फुललेला असतो आणि गव्हाची कापणी जवळ आलेली असते. पुढे मोहाची फुले पडू लागली, की पहाटेच गावे रानात जातात आणि घरी कोणी भेटत नाही. चैत्र उलटल्यावर ऊन चालू देत नाही. एक गंमत मात्र ध्यानात ठेवावी : आपला महिना अमावास्येस संपतो, इकडचा पौर्णिमेस. आपल्याला शिवरात्र माघात, यांना फाल्गुनात. होळीच्या दुसऱ्या दिवशी यांचा चैत्र लागतो, आपला त्यानंतर पंधरवड्याने. ‘चैत में आएँगे’ असा निरोप धाडून आपण आपल्या चैत्रात गेलो, तर यजमान पंधरा दिवस वाट पाहून थकलेला असेल!

खरी अडचण वाटेची आहे. जबलपूर ते मंडला हा टप्पा जुन्या पुस्तकांवरून आखता येत नाही, कारण ती वाटच आता पाण्याखाली आहे. नर्मदेवरील मोठ्या धरणांपैकी पहिले म्हणजे बरगी. १९९० साली ते पूर्ण झाले आणि जबलपूर, मंडला व सिवनी या जिल्ह्यांतील १६२ गावांना त्याची झळ पोहोचली. वेगडांनी १९७७ मध्ये पाहिलेला हा काठ पुढे कोणासच पाहता येणार नव्हता. आज तेथे नदीऐवजी जलाशय आहे. प्रत्येक नाल्याच्या मुखात पाणी आत शिरलेले असल्यामुळे, समोर दिसणाऱ्या काठावर जाण्यास कैक किलोमीटरचा वळसा पडतो. पाणी ओसरले की गाळ उघडा पडतो, आणि त्यात पाय घालणे वयस्कांनी टाळावे. म्हणून या टप्प्यास दहाऐवजी बारा दिवस धरले आहेत आणि पुढील मुक्काम त्या मानाने लांबविले आहेत. येथील मुक्कामांची गावे म्हणजे उठून वर सरकलेली गावे. ज्यांची शेते बुडाली त्यांच्या दारी आपण शिधा मागणार, आणि त्याच पाण्यावर आपली घरे उजळतात. या टप्प्यापुरता तरी शिधा आपण बरोबर न्यावा की कसे, यावर आमच्यात दोन पक्ष पडले. आम्हाला वाटते, न्यावा, आणि देऊ केलेलाही नाकारू नये.

मंडल्यापुढे सारे सोपे. हृदयशाहाच्या महालाचे रामनगर, मग डिंडोरी. तेथून नदी ओढ्यासारखी होत जाते, साल वृक्षांचे रान लागते, आणि सुमारे १०५० मीटर उंचीवरील अमरकंटकात रात्री फाल्गुन संपत आला तरी घोंगडी लागते. सामान म्हणाल तर दोन जोड कपडे, घोंगडी, पाण्याचे भांडे, औषधे आणि ओळखीचा दाखला.

राहता राहिला परतीचा प्रश्न. पूर्वीची जबलपूर-गोंदिया ही लहान गाडी, जिच्यातून आपल्या दोन पिढ्यांनी माहेर-सासर केले, २०१५ साली बंद पडून आता तेथे मोठी लाईन झाली आहे. तिने गेल्यास नर्मदा ओलांडलीच. खंड-परिक्रमा करणाऱ्याने दोन टप्प्यांच्या मधल्या काळात नदी ओलांडली तर चालते का, याविषयी जाणत्यांत एकमत नाही, आणि नागपूरची लग्ने तर थांबणार नाहीत. निदान परतताना तरी नियम पाळावयाचा असेल, तर अमरकंटकाहून पेंड्रारोड स्टेशनास उतरावे. तेथून अनुपपूर, शहडोल, कटनीमार्गे जबलपूरला येणारी गाडी नर्मदा एकदाही ओलांडीत नाही. पाडव्याची गुढी उगमकुंडापाशी उभारण्यासाठी वेळूची काठी मात्र येथूनच न्यावी लागणार नाही. चालताना हाती धरलेली काठीच त्या कामी येईल.