ऋषिगंगेच्या घळीचा हिशोब

इंदूरच्या मराठी घरांना बद्रीनाथ काही नवा नाही. अहिल्याबाईंनी तिथे धर्मशाळा बांधली, आणि आपल्या आज्या-पणज्या पायी जाऊन आल्याच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकत आलो. जोशीमठाच्या पुढे यात्रेच्या बसेस अलकनंदेच्या काठाने वर बद्रीनाथाकडे जातात. उजव्या हाताला धौलीगंगेच्या काठाने दुसरा एक रस्ता फुटतो. तपोवन, रैणी, लाता करत तो मलारीकडे जातो. त्या रस्त्याने आपल्यापैकी फार थोडे गेले असतील. आज त्याच बाजूची गोष्ट सांगतो, कारण डोंगरातल्या मोहिमा कशा आखल्या जातात आणि त्यांचा खर्च शेवटी कोणाच्या नावे पडतो, हे नंदादेवीइतकं स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही.

नंदादेवी ७८१६ मीटर उंच. तिच्याभोवती शिखरांचा कोट आहे, सुमारे ११० किलोमीटर घेराचा, आणि तो पाच हजार मीटरच्या खाली कुठेच उतरत नाही. फक्त पश्चिमेला ऋषिगंगेने तो फोडून घळ केली आहे. म्हणजे किल्ल्याला दरवाजा एकच, आणि त्या दरवाजात उभे कडे. १८८३ पासून लोक आत शिरायला धडपडत होते. लाँगस्टाफ १९०५ मध्ये पूर्वेच्या कोटावर चढला आणि आतलं नुसतं बघून परतला. दोन वर्षांनी त्याने शेजारचं त्रिशूल सर केलं, पण नंदादेवीच्या पायथ्याला काही पोचला नाही. अल्मोड्याचे डेप्युटी कमिशनर रटलेज यांनीही प्रयत्न केले, तेही फसले.

१९३४ साली एरिक शिप्टन आणि बिल टिलमन हे दोघे आणि अंगथारके, पासंग, कुसंग हे तीन शेर्पा, अशी पाच माणसं आत गेली. इंग्लंडहून मालवाहू बोटीने येण्यासकट पाच महिन्यांचा सगळा खर्च तीनशे पौंडांच्या आत. बँकेत छत्तीस वर्षं मी लोकांचे प्रोजेक्ट रिपोर्ट वाचले. त्यात खर्च कमी आणि आवक जास्त दाखवण्याची रीत असते. या दोघांनी खर्च खरोखरच कमी केला, आणि तो कसा केला हे समजायला आपलं साधं अंकगणित पुरतं.

समजा, एक हमाल तीस किलो ओझं उचलतो. दिवसाला किलोभर अन्न त्याला स्वतःला लागतं. वाटेत गाव नाही, दुकान नाही. दहा दिवस जायचं आणि दहा दिवस यायचं, तर तीसपैकी वीस किलो तोच खाणार. पोचवणार दहाच. आता साहेबाला टेबल, खुर्ची, डबाबंद हॅम आणि चार जोडी बूट हवे असले की हमाल वाढतात, हमालांचं खाणं वाहायला आणखी हमाल लागतात, आणि त्यांना घळीत झोपायला जागाही मिळत नाही. व्याजावर व्याज चढावं तसला हा प्रकार. मोठ्या मोहिमांचे आकडे यामुळेच शेकड्यांत जात. शिप्टन-टिलमननी मुळातच सामान काढून टाकलं. शेर्पा खातात तेच खायचं, पीठ, भात, तूप. अंगावर एक कपडा, बरोबर एक. चांगल्या मोहिमेचा बेत पाकिटाच्या पाठीवर मावला पाहिजे, असं टिलमन म्हणत असे अशी गिर्यारोहकांत आख्यायिका आहे. तो म्हणाला की नाही देव जाणे, वागला मात्र तसा.

तरीही घळीने त्यांना सोपं काही दिलं नाही. बर्फ लागल्यावर डोटियाल हमाल परत फिरले. शेवटचे काही मैल तर या पाचांनी ओझी पुढे टाकायची, परत यायचं, पुन्हा उचलायची, असे काढले. जूनमध्ये आत पोचले, तीनेक आठवडे नकाशासाठी हिंडले, आणि पावसाळा येताच बाहेर पडले. ते दिवस बद्री-केदारच्या बाजूला घालवून ऑगस्टअखेरीस पुन्हा आत शिरले आणि दक्षिणेच्या सुंदरढुंगा खिंडीने उतरले. पावसाळ्याचा खंड आधीच धरून दोन हप्त्यांत काम करायचं, हा आखणीतला भाग मला सर्वांत आवडतो.

१९३६ ला टिलमन परत आला, ब्रिटिश-अमेरिकन मिळून आठ जणांच्या तुकडीत. ऱ्हामणी नाल्यापाशी डोटियाल पुन्हा परतले, माणा गावचे भोटिया टिकले. माणा म्हणजे बद्रीनाथच्या पुढचंच गाव, आपण सगळे तिथे चहा पिऊन आलेलो. वर शिखरासाठी ओडेल आणि ह्यूस्टन ही जोडी ठरली होती, पण डब्यातल्या खराब मांसाने ह्यूस्टन आजारी पडला आणि त्याच्या जागी टिलमन गेला. २९ ऑगस्ट १९३६ रोजी टिलमन आणि ओडेल माथ्यावर पोचले. पुढे १९५० पर्यंत इतक्या उंच शिखरावर दुसरं कोणी गेलं नाही. त्याच मोहिमेत किटर नावाचा शेर्पा तळावर आजाराने गेला. हे पुस्तकांत एखाद-दुसऱ्या ओळीत येतं.

मधली वर्षं भराभर सांगतो. १९३९ मध्ये पोलंडच्या चौघांच्या मोहिमेने नंदादेवी पूर्व हे जोडशिखर जिंकलं आणि थोड्याच दिवसांत त्यातले दोघे तिरसूळीवर हिमप्रपातात गाडले गेले. १९५१ ला दोन फ्रेंच, दुप्ला आणि विन्य, दोन्ही शिखरं जोडायला निघाले ते परतलेच नाहीत. १९६४ मध्ये नरेंद्र कुमार यांच्या नेतृत्वाखाली भारतीय तुकडी गेली, आणि नवांग गोंबू व दावा नोरबू मुख्य शिखरावर उभे राहिले.

त्यानंतरची मोहीम मात्र पाकिटाच्या पाठीवर आखलेली नव्हती. चीनने लोप नोरला अणुचाचणी केली, म्हणून अमेरिकन आणि भारतीय गुप्तहेर खात्यांनी मिळून १९६५ मध्ये नंदादेवीवर टेहळणीचं यंत्र बसवायचं ठरवलं. त्याला वीज पुरवायला प्लुटोनियमवर चालणारं जनित्र. पैशाला कमी नव्हतं, माणसांना कमी नव्हतं. वरच्या तळावर हवा बिघडली आणि सामान तिथेच बांधून ठेवून सगळे उतरले. १९६६ च्या वसंतात बघतात तो जनित्र नाही. ते आजतागायत सापडलेलं नाही. १९७८ मध्ये बातमी फुटली तेव्हा पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी संसदेत ते मान्य केलं. ऋषिगंगेचं पाणी धौलीत, धौलीचं अलकनंदेत, अलकनंदेचं गंगेत. आपल्या देवघरातल्या गंगेच्या गडूपर्यंत तो रस्ता येतो.

१९७४ साली परदेशी गिर्यारोहकांना हा भाग पुन्हा खुला झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये घळीच्या तोंडाशी असलेल्या रैणीत गौरादेवी आणि गावच्या बायांनी झाडांना कवटाळून ठेकेदाराची माणसं परत पाठवली होती. खाली बाया झाडं वाचवत होत्या आणि वर मोहिमांच्या चुलींत भूर्ज आणि जुनिपर जळत होते. तुकड्यांमागून तुकड्या गेल्या. डबे, दोर, प्लास्टिक तिथेच राहिलं, कस्तुरीमृगांची शिकार झाली. आखणीत परवाना होता, विमा होता, प्राणवायू होता, कचरा उतरवायचा खर्च मात्र कोणी धरला नव्हता. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं आणि आतला गाभा गिर्यारोहणाला बंद झाला. १९८८ ला युनेस्कोच्या यादीत नाव गेलं. १९९३ मध्ये लष्कराच्या सॅपर्सची तुकडी खास परवानगीने गेली. त्यांनी शिखर तर केलंच, वर सुमारे टनभर कचरा खाली आणला.

बंदीमुळे रान सावरलं, भरल पुन्हा दिसू लागले, हे खरं. पण ताळेबंदाला दुसरी बाजू असते. निवृत्तीनंतर मी लात्यापर्यंत गेलो होतो. गावात नंदादेवीचं जुनं देऊळ आहे, खाली दगडी अंगणं, वर देवदार. तिथली म्हातारी माणसं तरुणपणी मोहिमांचे हमाल होती. हमाली गेली, आणि त्याच्याबरोबर धरांसीच्या कुरणात मेंढ्या नेण्याचा, जडीबुटी आणण्याचा पिढ्यान् पिढ्यांचा हक्कही गेला. डबे टाकले परदेशच्या आणि शहरच्या लोकांनी, दंड भरला लात्याने. कर्जदार पळून गेला की जामीनदाराच्या दारात जप्ती येते, तेच झालं. १९९८ मध्ये गावकऱ्यांनी 'झपटो-छीनो' म्हणत बंद हद्दीत पाऊल टाकलं. पुढे २००३ पासून लाताकडून धरांसीच्या बाजूला थोड्या लोकांना, मोजक्या संख्येने, पदभ्रमणाची परवानगी मिळू लागली आणि गावच्या पोरांना वाटाड्याचं काम आलं. माझ्या मते हे वीस वर्षं आधी करता आलं असतं.

७ फेब्रुवारी २०२१ ला रोंटी शिखराचा बर्फ आणि खडकाचा मोठा तुकडा कोसळला आणि ऋषिगंगेला लोंढा आला. रैणीचा वीजप्रकल्प वाहून गेला, तपोवनच्या बोगद्यात कामगार अडकले, दोनशेहून अधिक माणसं गेली. शास्त्रज्ञांनी कारण लगेच शोधलं, पण रैणीच्या लोकांना पहिली शंका आली ती १९६५ च्या त्या जनित्राची. त्यांना हसण्याचं मला धाडस होत नाही.

आज कोणाच्या नातवंडांना तिकडे जायचं असेल तर नंदादेवी शिखराचा बेत करता येत नाही, घळ बंदच आहे. लाता-धरांसीसाठी जोशीमठच्या वनखात्याची परवानगी काढावी, मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर धरावा, पावसाळा टाळावा आणि वाटाड्या लात्याचाच घ्यावा. आपल्या समाजातल्या कोणाच्या घरी १९७४ ते १९८२ मधल्या एखाद्या मोहिमेचे फोटो, हिशोबाच्या वह्या किंवा पत्रं असतील तर इथे जरूर टाका. हमालांची नावं लिहिलेली वही असेल तर आधी ती.