गड नसलेला माथा

वाशीम जिल्ह्यातल्या डोंगरांची नावे विचारा, गावाबाहेरच्या माणसाला एकही सांगता यायचे नाही. नरनाळ्यासारखी तटबंदी इथे नाही. गड नाही म्हणून इतिहासात जागा नाही, असा आपला हिशेब. तो चुकीचा आहे. अजिंठ्याच्या रांगेचा हा पूर्वेकडचा भाग, आणि काटा गावाच्या बाजूचा त्याचा उघडा माथा वऱ्हाडच्या घडणीत एखाद्या किल्ल्याइतकाच कामी आला आहे. वाशीमहून पायी निघाले तर माथा आल्याचे कळतही नाही. काळी माती पातळ होते, मुरूम वर येतो, कुसळे कपड्यांना चिकटू लागतात, एवढीच खूण. पातूरहून मेडशीकडे येणाऱ्याला मात्र घाट चढावा लागतो. इथला पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो: काटेपूर्णा उत्तरेला उतरून पूर्णेला आणि पुढे तापीला मिळते, तर अरुणावतीचे पाणी पैनगंगेतून गोदावरीला जाते.

पाणलोटाची रेघ नकाशावर शोभते, माणसांना तिचे काय, असा आक्षेप येईल. पण जुन्या वऱ्हाडाने आपले दोन भाग याच चढावरून ओळखले: खालचा पायनघाट, वरचा बालाघाट. ‘ऐन-इ-अकबरी’त बाशीम, म्हणजे वाशीम, हा वऱ्हाडचा स्वतंत्र सरकार, म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग, आहे. त्याच्याही हजारभर वर्षे आधी वाकाटकांच्या एका शाखेने वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, राजधानी केली होती. अजिंठ्याचे सोळावे लेणे खोदवणारा वराहदेव हा याच शाखेतल्या हरिषेणाचा मंत्री. लेणी पाहायला जग येते. ज्या पठारावरून तो कारभार चालला, तिकडे कुणी फिरकत नाही!

मग हे राजधानीचे ठिकाण मागे का पडले? मुंबईहून निघालेली रेल्वे 1867 मध्ये नागपूरला पोहोचली ती पायनघाटातून, अकोल्यावरून. घाटावरचे बाशीम बाजूला राहिले, आणि 1905 मध्ये इंग्रजांनी बाशीम जिल्हाच मोडून वाशीम, मंगरूळ अकोल्याला जोडले. सगळा दोष चढाला देणे अर्थात सोपे आहे. पूर्णेच्या खोऱ्यातली कपाशीची काळी जमीन रेल्वेला तशीही खालीच ओढणार होती, आणि इंग्रजांना कारभाराचा खर्चही वाचवायचा होता. हे मान्य. तरी खालचे आणि वरचे वऱ्हाड असा भेद मुळात नसता, तर कापूस, रेल्वे आणि कचेरी ही तिन्ही एकाच बाजूला इतक्या सहज गेली नसती. तोडणारा हा माथा जोडतोही, हे मात्र अकोलेकरांच्या सहसा लक्षात येत नाही. 1 जुलै 1998 रोजी वाशीम पुन्हा वेगळा जिल्हा झाला. तरी अकोला शहर आजही पाणी पिते ते महान धरणाचे, म्हणजे याच डोंगरातून उतरलेल्या काटेपूर्णेचे.