‘पासिंग झालंय का?’ : एका साध्या प्रश्नामागचा इतिहास

जून उजाडला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन विषय ठरलेले. वह्यांना कव्हरं कुठे स्वस्त मिळतात आणि शाळेच्या व्हॅनचं काय. यंदा एका ताईंनी सरळ विचारलं, "व्हॅनकाका, गाडीचं पासिंग झालंय का?" काका म्हणाले, "हो मॅडम, एमएच बारा पासिंग आहे." तेवढ्यात एका उत्साही बाबांनी ॲपवर नंबर टाकून स्क्रीनशॉटच चिकटवला. फिटनेस २०३३ पर्यंत वैध. खाली अंगठ्यांची रांग लागली. टेन्शन संपलं.

मी मात्र तो स्क्रीनशॉट बघून दचकलो. जी गाडी शाळेत मुलं नेण्यासाठी रीतसर नोंदवलेली असते, तिचा फिटनेस इतक्या लांबचा असूच शकत नाही. का, ते सांगायचं तर बरंच मागे जावं लागेल. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपण ‘पासिंग’ दोन अर्थांनी वापरतो. एक म्हणजे गाडीची नोंदणी: ‘पुण्याचं पासिंग’, ‘साताऱ्याचं पासिंग’. दुसरा अर्थ तपासणीचा. गाडी रस्त्यावर चालायला लायक आहे असं तपासून मिळणारा कागद, म्हणजे सरकारी भाषेत योग्यता प्रमाणपत्र, फॉर्म ३८. ताईंनी दुसऱ्या अर्थाने विचारलं, काकांनी पहिल्या अर्थाने उत्तर दिलं. दोघंही खरं बोलत होते!

आता इतिहास. भाड्याने माणसं नेणाऱ्या गाडीवर सरकारने लक्ष ठेवायचं, ही कल्पना मोटारीच्याही आधीची. मुंबईत भाड्याच्या घोडागाड्यांसाठी १८६३ सालचा कायदा होता. परवाना घेतल्याशिवाय भाडं मारायचं नाही. शेटजींच्या स्वतःच्या बग्गीला ही भानगड नव्हती. स्वतःच्या गाडीत स्वतःचा जीव धोक्यात घालायचा तर घाला, पण परक्याकडून पैसे घेऊन त्याला बसवणार असाल तर सरकार मध्ये पडणार, असा हिशेब. हा फरक लक्षात ठेवा, कारण तो आजच्या नंबरप्लेटच्या रंगापर्यंत आला आहे.

मोटारी आल्या, १९१४ साली देशभरासाठी पहिला मोटार वाहन कायदा झाला. नोंदणी, चालकाचा परवाना, बेफाम गाडी हाकण्याला शिक्षा असं त्याचं साधारण स्वरूप. बाकी तपशील प्रांतांवर सोडलेला. मग पहिलं महायुद्ध संपल्यावर खरी गंमत सुरू झाली. गावोगावी ‘सर्व्हिस मोटारी’ धावू लागल्या. आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी हाच शब्द असायचा. गाडी भरली की सुटायची. टपावर माणसं, आत माणसं, फूटबोर्डावर माणसं. भाड्याची चढाओढ इतकी की ब्रेकवर खर्च करायला मालकाच्या हातात काही उरायचंच नाही.

याचा फटका बसला रेल्वेला. १९३२-३३ मध्ये मिचेल आणि कर्कनेस या दोन अधिकाऱ्यांनी रेल्वे आणि रस्ता यांच्या स्पर्धेचा अहवाल दिला, १९३७ मध्ये वेजवूड समितीचा अहवाल आला, आणि त्यातून १९३९ चा मोटार वाहन कायदा घडला. परमिट, ठरलेले मार्ग, प्रादेशिक परिवहन प्राधिकरण, सगळं तिथून. आणि त्यातच कलम ३८, वाहतुकीच्या वाहनांचं योग्यता प्रमाणपत्र. ते नसेल तर गाडीची नोंदणीच वैध मानायची नाही, इतकं कडक.

माझं मत असं, की आपल्या पासिंगचा जन्म निव्वळ प्रवाशांच्या काळजीतून झालेला नाही. रेल्वेचं उत्पन्न सांभाळण्यासाठी ट्रक-बसला लगाम घालायचा होता, आणि सुरक्षितता त्याच लगामात ओवली गेली. म्हणून कायद्याची सगळी नजर धंद्याच्या गाडीवर राहिली. खासगी गाडी त्या नजरेतून सुटली ती सुटलीच.

इतरत्र असं झालं नाही. ब्रिटनमध्ये १९६० साली अर्नेस्ट मार्पल्स वाहतूकमंत्री असताना तपासणी सुरू झाली, तीही खासगी मोटारींसकट. आधी फक्त दहा वर्षांवरच्या गाड्या. ब्रेक, दिवे, स्टिअरिंग एवढंच बघायचं. पण इतक्या गाड्या नापास झाल्या की वयाची अट लवकरच सात वर्षांवर आणि १९६७ मध्ये तीन वर्षांवर आणावी लागली. जर्मनीत तर तपासणी करणाऱ्या संस्थेची मुळं वाफेच्या बॉयलरमध्ये आहेत. १८६५ मध्ये मानहाइमच्या एका दारूभट्टीत बॉयलर फुटला, पुढच्या वर्षी बॉयलर-मालकांनी एकत्र येऊन तपासणीसाठी संघ काढला, आणि अशा संघांकडेच पुढे मोटारी तपासायचं काम आलं.

आपल्याकडे १९८८ चा नवा कायदा आला, १ जुलै १९८९ पासून लागू झाला. कलम ३८ चं कलम ५६ झालं, मजकूर जवळपास तोच. केंद्रीय नियमांतल्या नियम ६२ मध्ये काय काय तपासायचं याची यादी आहे: ब्रेक, स्टिअरिंग, हेडलाइटचा झोत, बाकीचे दिवे, रिफ्लेक्टर, आरसा, काच, वायपर, हॉर्न, सायलेन्सर, स्पीडोमीटर, धूर. नव्या व्यावसायिक गाडीला पहिली दोन वर्षं सूट, मग दर वर्षी, असा नियम बरीच वर्षं होता. नोव्हेंबर २०१८ मध्ये तो बदलला. आता गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन-दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी. ‘आमच्या टेम्पोला यंदा पासिंग नाही का?’ असं जे विचारतात, त्यांचं उत्तर या आठ वर्षांच्या रेषेत आहे.

आणि तुमची-माझी स्कूटर, कार? तिला नोंदणीच १५ वर्षांची. त्या १५ वर्षांत ब्रेक, टायर, स्टिअरिंग कुणीही बघत नाही. १५ वर्षांनी गाडी दाखवायची आणि पुढची ५ वर्षं मिळवायची. त्याची फी एप्रिल २०२२ पासून कारला ६०० वरून थेट ५,००० आणि दुचाकीला ३०० वरून १,००० झाली, तेव्हा कुठे लोकांना कळलं की असं काही असतं. ‘पण पीयूसी करतो की दर वर्षी!’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. पीयूसी फक्त धूर बघते. गाडीला ब्रेक नसला तरी पीयूसी मिळेल.

आता आपल्या राज्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग.

कागदावर यादी होती, पण मैदानावर काय होतं? ज्यांनी ऐंशी-नव्वदच्या दशकात तालुक्याच्या कॅम्पला गाडी नेली आहे त्यांना सांगायला नको. आदल्या रात्री गॅरेजात रंगाचा हात, रेडियमच्या पट्ट्या, कुणाकडून तरी पासिंगपुरते आणलेले टायर, प्रथमोपचाराची पेटी शेजारच्या गाडीतून. सकाळी ओळीने गाड्या उभ्या. चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा फॉर्मवर, दिवे लावा, हॉर्न वाजवा, पुढची गाडी. पळवून, ब्रेक मारून कोण बघणार? साधा हिशेब करा. एका गाडीला फक्त १५ मिनिटं धरली तरी आठ तासांत ३२ गाड्या होतात, तेही निरीक्षकाने जेवायचं नाही असं ठरवलं तर. रांगेत याहून कितीतरी जास्त गाड्या असायच्या, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या पास. दोष एकट्या निरीक्षकाचा म्हणता येत नाही. माणसं कमी, जागा नाही, यंत्रं नाहीत. पण कागद मात्र छापून मिळायचा, आणि त्या कागदाच्या भरवशावर घाटातून बस उतरायची.

पुण्याचे श्रीकांत कर्वे यांनी याच गोष्टीवर बोट ठेवलं. २०१३ मध्ये त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. म्हणणं अगदी सरळ होतं: नियमात सांगितलेल्या तपासण्या न करताच प्रमाणपत्रं दिली जातात. फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यायालयाने सविस्तर आदेश दिले, आणि त्यातली एक गोष्ट राज्यभर गाजली ती म्हणजे ब्रेकच्या चाचणीसाठी २५० मीटरचा ट्रॅक.

‘अडीचशे मीटरच का?’ हा प्रश्न तेव्हा रिक्षा स्टँडवरही चालायचा. ताशी ४० किलोमीटरने गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते. भरलेल्या ट्रकला आधी वेग घ्यायला रस्ता हवा, मग ब्रेक दाबून थांबायला हवा, आणि ब्रेक लागलेच नाहीत तर पुढे मोकळी जागाही हवी. कार्यालयाच्या आवारात, झाडाखाली, हे होत नाही. पण शहरातल्या आरटीओंना एवढी सरळ जागा आणायची कुठून? मुदती उलटत गेल्या. शेवटी न्यायालयाने सांगितलं की नोव्हेंबर २०१७ पासून जिथे ट्रॅक नाही तिथे प्रमाणपत्र देणं बंद. मग धावपळ उडाली. गाड्या दुसऱ्या कार्यालयांकडे वळल्या, रांगा लागल्या, मालक वैतागले. पुढे काही ठिकाणी तपासणी नीट न केल्याबद्दल अधिकाऱ्यांचं निलंबनही झालं.

पुणेकरांना म्हणूनच दिवे घाट चढून दिव्याच्या ट्रॅकवर गाडी न्यावी लागते. ‘एवढ्या लांब कशाला?’ म्हणून कुरकुर करणारे खूप आहेत, आणि रिक्षावाल्याचा दिवसाचा धंदा बुडतो हेही खरं. पण गाडी पळवून ब्रेक मारून बघितली जाते, ती याच भांडणामुळे.

त्यानंतरचं पाऊल यंत्राचं. २०१९ च्या दुरुस्तीने स्वयंचलित तपासणी केंद्रांची वाट मोकळी झाली, सप्टेंबर २०२१ मध्ये त्यांचे नियम आले. रोलरवर चाक फिरवून प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगळा मोजायचा, हेडलाइटचा झोत यंत्राने बघायचा, निकाल थेट संगणकावर. नाशिकला असं केंद्र आहे. इतर ठिकाणी सक्तीच्या तारखा जाहीर झाल्या आणि पुढे ढकलल्या गेल्या, कारण केंद्रंच पुरेशी उभी नव्हती. या नियमांतली मला आवडलेली गोष्ट म्हणजे केंद्र खासगी माणसाचं असू शकतं, पण त्याने गाड्यांची दुरुस्ती किंवा विक्रीचा धंदा करायचा नाही. ब्रिटनमध्ये तपासणारा आणि दुरुस्त करणारा गॅरेजवाला एकच असू शकतो. आपण तो मोह टाळला हे बरं केलं.

यंत्र आलं म्हणून सगळ्यांचं भलं झालं असं मात्र नाही. पासिंगची तारीख चुकली तर दिवसाला ५० रुपये, हा नियम डिसेंबर २०१६ चा. शंभर दिवस उशीर म्हणजे ५,००० रुपये. आजारपणात गाडी दारात उभी राहिलेल्या रिक्षावाल्याने हे कुठून भरायचे? आणि भरता येत नाहीत म्हणून तो पासिंगच टाळणार, म्हणजे ज्या गाडीची तपासणी सगळ्यात गरजेची तीच तपासणीपासून लांब जाणार. २०२४ मध्ये राज्यात वसुली जोरात सुरू झाली, रिक्षा-टॅक्सी संघटना रस्त्यावर आल्या आणि सरकारने स्थगिती दिली. दंड माफ करण्यापेक्षा त्याला एक कमाल मर्यादा घातली असती तर जास्त शहाणपणाचं झालं असतं, असं मला वाटतं. दोन्ही टोकं चुकीची.

आता परत आमच्या व्हॅनकडे. महाराष्ट्रात स्कूल बससाठी २०११ पासून स्वतंत्र नियम आहेत. शाळेची मुलं भाड्याने न्यायची तर गाडी व्यावसायिक हवी, म्हणजे पिवळी नंबरप्लेट, परमिट आणि वेळच्या वेळी पासिंग. आणि ॲपची गंमत अशी की खासगी गाडीचा नंबर टाकला तरी ‘फिटनेस’चा रकाना भरलेला दिसतो. तिथे नोंदणीची १५ वर्षं संपण्याची तारीख असते. २०१८ ची गाडी, म्हणून २०३३. त्या तारखेचा तपासणीशी काडीचा संबंध नाही. हिरव्या अक्षरात वैध दिसलं म्हणून आपण अंगठा दिला, पण त्या व्हॅनचे ब्रेक शोरूममधून निघाल्यापासून कुठल्याही निरीक्षकाने बघितलेले नाहीत.

हे मी ग्रुपवर लिहिलं. दोन तास कुणी बोललं नाही. मग एकाने लिहिलं, "पण पिवळ्या प्लेटवाले महिन्याला पाचशे जास्त घेतात." दुसऱ्याने लिहिलं, "काका चांगले आहेत हो, सहा वर्षं नेतायत." काका चांगलेच आहेत, माझाही अनुभव तोच आहे. रात्री ते स्वतः भेटायला आले. म्हणाले, "दादा, पिवळी करायला परमिट, इन्शुरन्स, सगळंच वाढतं. पालक तेवढे देणार का, ते विचारून सांगा."

रविवारी मीटिंग ठेवली आहे. तोवर आपापल्या मुलांच्या व्हॅनची प्लेट कुठल्या रंगाची आहे ते उद्या सकाळी फाटकात उभं राहून बघा. पिवळी असेल तर ॲपमधली फिटनेसची तारीख बघा, ती जवळची असायला हवी. आणि प्लेट पांढरी निघाली तर रविवारी जरूर या.