क्रू रिसोर्स मॅनेजमेंट : परिणामकारकतेचे मापन

वैमानिक व विमानकर्मचारी यांना एकजुटीने काम करण्याचे जे प्रशिक्षण देतात, त्याचा उड्डाणात कितपत उपयोग होतो हे तपासण्याच्या पद्धती. या प्रशिक्षणाला थोडक्यात ‘सीआरएम’ म्हणतात. २८ डिसेंबर १९७८ रोजी युनायटेड एअरलाइन्सचे डीसी-८ विमान अमेरिकेत पोर्टलंडजवळ इंधन संपून कोसळले. १० जण दगावले. कप्तान चाकांच्या बिघाडात गुंतला होता आणि इंधन सरत आल्याचे सहकाऱ्यांनी सांगितले ते दबक्या आवाजात. याच कंपनीने १९८१ मध्ये सीआरएमचे वर्ग सुरू केले.

अपघात किती घटले हे पाहावे, असे कोणालाही वाटेल. पण विमान अपघात मुळातच इतके विरळ, की एखाद्या कंपनीच्या आकडेवारीवरून काहीच सिद्ध होत नाही. शिवाय त्याच काळात इंजिने सुधारली, जमीन जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रे आली. श्रेय कोणाला द्यायचे?

म्हणून अभ्यासक प्रशिक्षणाच्या मूल्यमापनासाठी डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी सांगितलेल्या चार पायऱ्या वापरतात: प्रतिक्रिया, शिकणे, वर्तन, फलित. वर्ग आवडल्याचे शेरे गोळा करणे सर्वांत सोपे आणि सर्वांत कुचकामी. टेक्सास विद्यापीठातील रॉबर्ट हेल्मराइक यांनी वैमानिकांची मनोवृत्ती तपासणारी प्रश्नावली वापरली. प्रशिक्षणानंतर बहुतेकांचे मत सुधारले, काहींचे मात्र उलटे फिरले. उजळणी न झाल्यास सुधारणाही ओसरे. संशोधक एदुआर्दो सालास व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ५८ अभ्यास तपासले. मनोवृत्ती व वर्तन बहुधा सुधारते, पण सुरक्षितता त्यामुळे वाढते का, याचे ठाम उत्तर त्यांना मिळाले नाही.

खरा कस वर्तनाच्या मोजणीत लागतो. युरोपातील ‘नोटेक्स’ पद्धतीत परीक्षक सहकार्य, नेतृत्व, परिस्थितीचे भान व निर्णय या चार अंगांनी गुण देतो. दोन परीक्षकांचे गुण जुळतीलच असे नाही, आणि सिम्युलेटरमध्ये परीक्षा चालू आहे हे वैमानिकाला पक्के ठाऊक असते. यावर तोडगा म्हणून ‘लोसा’ पाहणीत निरीक्षक नेहमीच्या उड्डाणात कॉकपिटमध्ये बसून चुका टिपतो. नावे गुप्त राहतात, शिक्षा नसते.

१९८९ मध्ये अमेरिकेत सू सिटी येथे हायड्रॉलिक यंत्रणा पूर्ण निकामी झालेल्या विमानातील २९६ पैकी १८४ जण वाचले. कप्तान अल हेन्स यांनी सीआरएमला श्रेय दिले. ही साक्ष मोलाची असली तरी मापन नव्हे. याउलट २२ मे २०१० रोजी मंगळूरला एका विमानाच्या सहवैमानिकाने उतरणे सोडून पुन्हा वर जाण्यास तीनदा सांगितले, कप्तानाने ऐकले नाही आणि अपघातात १५८ जण मृत्युमुखी पडले. कनिष्ठ बोलला की नाही, याची नोंद करता येते. वरिष्ठाने ऐकून घेतले का, हे तपासपत्रकात उतरवणे बरेच अवघड जाते.