डुलणारा लाकडी घोडा आला कुठून? एका राजेशाही खेळण्याची गोष्ट

आज प्लास्टिकचा डुलणारा घोडा कुठल्याही पाळणाघरात दिसतो. पण त्याचा लाकडी पूर्वज, म्हणजे इंग्रजांचा ‘रॉकिंग हॉर्स’, निव्वळ खेळणं नव्हता. ज्या काळात घोडा हेच वाहन होतं, त्या काळात मुलाला तोल सावरायला शिकवण्याचं ते साधन होतं.

त्याच्याही आधी होता काठीचा घोडा. काठीला घोड्याचं तोंड लावायचं आणि पळत सुटायचं. चित्रकार ब्रूगेलने १५६० मध्ये रंगवलेल्या ‘मुलांचे खेळ’ या चित्रात तो दिसतो. पण काठीवर बसता येत नाही, सगळं पळणं आपल्याच पायांनी!

बसता येणारा घोडा सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये दिसतो. साधारण १६१० चा एक घोडा पुढे राजा झालेल्या पहिल्या चार्ल्सचा होता, असं मानलं जातं. लहानपणी चार्ल्सचे पाय अशक्त होते, त्यांत ताकद यावी म्हणून त्याला हा घोडा दिल्याचं सांगतात. दिसायला मात्र तो ओबडधोबड: अर्धचंद्राच्या आकाराच्या दोन फळ्या आणि मधे बसायची जागा.

अठराव्या शतकात घोडा खरा घोड्यासारखा दिसू लागला. चारही पाय ताणून दौडणारा, खाली धनुष्यासारखे लांब पट्टे. फळ्या जोडून केलेलं पोकळ धड, कोरलेलं डोकं, वर खडूची पूड आणि सरस यांचा थर, काचेचे डोळे आणि खऱ्या घोड्याच्या केसांची आयाळ. करड्या ठिपक्यांचा रंग व्हिक्टोरिया राणीला आवडला म्हणून लोकप्रिय झाला, अशीही एक कथा आहे. मुलींसाठी दोन्ही पाय एकाच बाजूला ठेवून बसायचं खोगीर असे. शिस्त खेळण्यातही सुटली नव्हती.

या देखण्या घोड्यात एक मोठी खोट होती. जोरात डुलवला की तो जमिनीवरून पुढे सरकायचा, कधी उलटायचा. जवळ उभ्या भावंडाची बोटं पट्ट्याखाली सापडायची.

उपाय सापडला अमेरिकेत. सिनसिनाटीच्या फिलिप मार्क्वाने १८८० च्या सुमारास ‘सेफ्टी स्टँड’चं पेटंट घेतलं. यात स्टँड जागेवर स्थिर राहतो आणि लोखंडी कड्यांना टांगलेला घोडा फक्त पुढे-मागे झुलतो. जागाही कमी लागते. इंग्लंडच्या कारखान्यांनी ही रचना लगेच उचलली.

त्यांपैकी लंडनचा ‘जी. अँड जे. लाइन्स’ मोठा. याच घराण्यातल्या तीन भावांनी पहिल्या महायुद्धानंतर ‘लाइन्स ब्रदर्स’ कंपनी काढली. तीन ‘लाइन्स’ म्हणजे रेषा, त्यांचा होतो त्रिकोण, म्हणून ब्रँडचं नाव ‘ट्रायँग’! पण रस्त्यांवर मोटारी आल्या आणि लाकडी घोड्याची मागणी ओसरत गेली. १९७१ मध्ये ही कंपनीही बुडाली.

आता जुने घोडे संग्राहकांकडे जातात. तिथे नियम उलटा आहे: मूळ रंग खरवडून नवा दिला, की किंमत घसरते.