लहान होडी आणि मोठा मचवा : कोकणच्या दर्यावरील एक जुना हिशेब

सोलापूरच्या बाजारात सुके बोंबील आणि सुकट घेताना हा जिन्नस कोणत्या पाण्यातून आणि कोणत्या होडीतून आला, असा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. समुद्र आपल्यापासून दूर, सह्याद्रीच्या पलीकडे. दर्यावर्दी लोकांशी आपला काय संबंध, अशी आपली समजूत असते. परंतु वाचकहो, इतिहासाची चार पाने उलटली म्हणजे ही समजूत टिकत नाही. ज्या भुईकोट किल्ल्याच्या तटावरून आपल्या शहराची ओळख सांगितली जाते, तो किल्ला १५६४ साली चांदबीबी आणि अली आदिलशाह यांच्या विवाहात आंदण म्हणून विजापूरकरांना देण्यात आला. त्या विजापूर दरबाराचे समुद्राकडचे एक मोठे दार म्हणजे दाभोळ बंदर. हाजी, घोडे, कापड, मसाले यांची ये-जा तेथून होई. १५०८ च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीजांनी हे बंदर जाळले, तरी ते पुन्हा उभे राहिले. सतराव्या शतकात बांधलेली तेथील देखणी मशीद आजही पाहावयास मिळते. मक्केला निघालेल्या विजापूरच्या एका शाहजादीने प्रवास घडला नाही म्हणून त्या पैशातून ती बांधली, अशी आख्यायिका सांगतात.

त्या किनाऱ्यावर आपल्याच समाजाचे हजारो लोक पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करीत आले आहेत. रत्नागिरी आणि राजापूरच्या बाजूस त्यांना दालदी म्हणतात. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी गॅझेटियरमध्येही त्यांची नोंद आहे. मिरकरवाडा, जयगड, साखरी नाटे ही त्यांची ठिकाणे. कोळी, खारवी, गाबीत, भंडारी आणि वसईकडचे ख्रिस्ती हे त्यांचे दर्यावरचे शेजारी. या सर्वांनी अनुभवातून एक हिशेब बसविला होता, तो असा की, घरात एकाच मापाची होडी असून भागत नाही. किनाऱ्यालगतच्या पाण्यासाठी लहान होडी हवी आणि खोल दर्यासाठी मोठा मचवा हवा. या साध्या हिशेबात किती शहाणपण होते आणि तो मोडल्यावर काय झाले, हे आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

प्रथम थोडे शब्दांविषयी. नाखवा हा शब्द फारसी नाखुदा, म्हणजे जहाजाचा धनी, यावरून आला. खलाशी हा शब्द अरबीतून आला, तर बंदर हा फारसीतून. समुद्रावर वाट दाखविणाऱ्या जाणत्याला जुन्या मराठीत मालीम म्हणत. त्याचे मूळ अरबी मुअल्लिम, म्हणजे शिक्षक! तारे, वारा आणि पाण्याची खोली ज्याला वाचता येते, त्याला दर्यावर्दी लोकांनी शिक्षकाचा मान दिला, ही गोष्ट शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत अवश्य नोंदविण्यासारखी आहे.

आता होड्यांकडे वळू. लहान होडी म्हणजे आंब्यासारख्या झाडाचा बुंधा कोरून केलेली. ती कलंडू नये म्हणून एका बाजूला आडव्या दांड्यांना बांधलेले लाकूड पाण्यावर तरंगत ठेवतात, त्याला उलांडी म्हणतात. दोघे-तिघे वल्ही मारून ती नेतात. खाडीत, खडकांच्या आडोशाला, उथळ पाण्यात ती बिनधोक फिरते, आणि काम संपल्यावर चार माणसांनी ओढली की वाळूवर येते. दक्षिण कोकणात आणि गोव्यात रापण ओढण्यासाठी याहून मोठी होडी लागे. ती जाळे घेऊन अर्धवर्तुळाकार फेरी मारी, आणि मग किनाऱ्यावरची पन्नास-पन्नास माणसे दोन्ही टोके धरून ते जाळे ओढीत. बांगडे आणि तारली अशी सापडत.

मचवा हा निराळा प्रकार. सागवानी फळ्यांचा, उंच नाळेचा, डोलकाठी आणि शीड असलेला. सुरमई, घोळ, मुशी यांच्या मागे तो खोल पाण्यात जाई. उत्तरेकडे पालघर, ठाणे, मुंबईच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीचा ओघ जोराचा असतो. तेथे खुंट्यांना बांधलेल्या डोल जाळ्यांत बोंबील मिळतो. म्हणून तिकडच्या होड्यांची बांधणी वेगळी. सातपाटीची होडी आणि रत्नागिरीचा मचवा यांत जाणकाराला लांबूनही फरक दिसतो. पाणी बदलले की होडी बदलते, हा दर्याचा पहिला कायदा होय.

आपण विचाराल, मोठा मचवा असताना लहान होडी कशाला? याची कारणे तीन. पहिले असे की, मचवा उथळ किनाऱ्याला लागू शकत नाही. दापोली तालुक्यातील हर्णै बंदरात मोठ्या बोटी दूर खोल पाण्यात उभ्या राहतात, मासळी लहान होड्यांतून अलीकडे येते आणि ती घ्यायला बैलगाड्या पाण्यात शिरतात, हे दृश्य अनेकांनी पाहिले असेल. म्हणजे लहान होडीशिवाय मोठीचा माल बाजारात पोचत नाही. दुसरे कारण पावसाचे. ज्येष्ठापासून दर्या खवळतो. मचवे ओढून वर घेतात, त्यांच्यावर झावळ्यांचे छप्पर घालतात, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत ते तसेच राहतात. या काळात खाडीच्या पाण्यात लहान होडी चालते आणि घरातली चूल पेटती ठेवते. तिसरे कारण पैशाचे. उभ्या मचव्यालाही खर्च असतो. लाकडाला तेल, जाळ्यांची दुरुस्ती, कर्जाचे व्याज हे थांबत नाही. लहान होडी मात्र उभी राहिली तरी कोणाचे देणे वाढत नाही. मोठीची कमाई मोठी तसा तिचा तोटाही मोठा. तो तोटा पेलण्याचे बळ लहान होडी देत असे.

हीच जाण आपल्या आरमाराच्या इतिहासातही दिसते. शिवाजी महाराजांच्या आरमारात दर्यासारंग आणि दौलतखान हे मुसलमान सरदार होते, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये. मराठ्यांच्या आरमारात गुराब आणि गलबत अशी दोन मापे असत. गुराब हा शब्द अरबी असून त्याचा अर्थ कावळा. अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म सांगतो की, तीन डोलकाठ्यांची गुराब ३०० टनांपर्यंतची असे, तर गलबत क्वचितच ७० टनांहून मोठे असे. पण त्याला चाळीस-पन्नास वल्ही असत, आणि वारा पडला म्हणजे हीच लहान गलबते मोठ्या गुराबांना ओढून नेत. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात एका सुभ्यास पाच गुराबा आणि पंधरा गलबते असे प्रमाण सांगितले आहे, आणि वाऱ्यावाचून हलत नाहीत अशी अवाढव्य जहाजे बांधण्याचा आग्रह धरू नये, असा सल्ला दिला आहे. एका मोठ्यामागे तीन लहान! राज्य चालविणाऱ्यांनी जे लिहून ठेवले, ते मच्छिमाराने न लिहिताच पाळले होते.

येथे आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. सूरए कहफमध्ये हजरत मूसा अलैहिस्सलाम आणि त्यांचे ज्ञानी सोबती यांचा किस्सा आपण सर्वांनी ऐकला आहे. समुद्रावर राबणाऱ्या काही गरिबांच्या नौकेला त्या सोबत्याने छिद्र पाडले, कारण पुढे एक राजा प्रत्येक धडकी नौका बळकावीत होता. या किस्स्यात नौकेच्या मालकांना मिस्कीन म्हटले आहे. त्यावरून शाफई मताच्या फुकहांनी असा अर्थ काढला की, पदरी नौका असूनही माणूस मिस्कीन असू शकतो. शतकांपूर्वीचा हा मुद्दा आजही किती खरा आहे, हे पुढील हकिकतीवरून आपल्या लक्षात येईल.

स्वातंत्र्यानंतर पंचवार्षिक योजना सुरू झाल्या आणि होड्यांना इंजिने बसू लागली. सहकारी संस्था निघाल्या, कर्जे मिळू लागली, बर्फाचे कारखाने आले. यात वाईट काहीच नव्हते. वारा पडला म्हणून दर्यात अडकून पडण्याचे संकट टळले, बोट दूर जाऊ लागली, आणि व्यापाऱ्याकडून आगाऊ रक्कम घेऊन त्याच्याच भावाने मासळी विकण्याची सक्ती काही ठिकाणी सैल झाली. पुढे कोळंबीला परदेशात मागणी आली. मग ट्रॉलर आले, आणि त्यानंतर पर्ससीनची प्रचंड जाळी आली. ज्याच्याकडे मोठी बोट तोच शहाणा, असा समज पसरला. कित्येकांनी लहान होडी आणि घरातले दागिने विकून मोठ्या बोटीच्या कर्जाचा पहिला हप्ता उभा केला.

परिणाम दोन झाले. मोठ्या बोटींनी खोल दर्यात जावे ही अपेक्षा होती, पण कोळंबी किनाऱ्याजवळ मिळते आणि डिझेलही वाचते, म्हणून त्यांतल्या अनेक अलीकडच्याच पाण्यात जाळी ओढू लागल्या. लहान होडीवाल्याचे पाणी मोठ्या बोटीने घेतले. गोव्यात रापणकरांनी १९७० नंतरच्या दशकात याविरुद्ध मोठे आंदोलन केले. त्यातून गोव्यात १९८० साली आणि महाराष्ट्रात १९८१ साली सागरी मासेमारी नियमनाचे कायदे झाले. आपल्या राज्यात काही भागांत ५ वाव आणि काही भागांत १० वाव खोलीच्या आत यांत्रिक ट्रॉल जाळ्यांना मनाई झाली. वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांचे माप, सुमारे सहा फूट. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, हे राज्याचे पाणी. त्यापलीकडे २०० सागरी मैलांपर्यंतच्या साधनसंपत्तीवर देशाचा हक्क १९७६ च्या केंद्रीय कायद्याने ठरला. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीन मासेमारीवर राज्याने बंधने घातली, आणि १९८१ च्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती करून दंड वाढविण्यात आले. थोडक्यात, जो हिशेब गावकऱ्यांनी समजुतीने पाळला होता, तोच आता कायद्याने पाळावयास लावावा लागतो.

दुसरा परिणाम घरातला. मासळीची वाटणी पूर्वीपासून ठरलेली : बोटीचा वाटा, जाळ्याचा वाटा, अंगमेहनतीचा वाटा. इंजिन आल्यावर डिझेल, बर्फ आणि हप्ता आधी वजा होऊ लागला. मासळी कमी आली की वाट्याला काही उरत नाही, आणि परत जाण्यासाठी लहान होडीही नाही. बंदरात लाखोंची बोट उभी आणि घरात शाळेच्या फीची चिंता, अशा माणसाला त्या फुकहांनी काय म्हटले असते, ते वेगळे सांगावयास नको. मोठी बोट घेणे ही चूक नव्हती. लहान होडीला कमीपणाची समजून सोडून देणे ही चूक होती. ज्या घरांनी दोन्ही राखल्या, एक भाऊ खोल दर्यात आणि दुसरा खाडीत अशी विभागणी केली, त्यांना वाईट हंगाम काढता आला.

आपल्या जिल्ह्यालाही आता मोठे पाणी लाभले आहे. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या जलाशयात भोई आणि इतर समाजांचे लोक लहान होड्यांतून रोहू, कटला, चिलापी पकडतात. हे पाणी नदीसारखे अरुंद राहिलेले नाही. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगाव येथून पलीकडच्या कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचे प्राण गेले. नदीच्या सवयीने जलाशयात उतरता येत नाही, हा धडा फार महाग पडला. पाणी ओळखून होडी निवडणे हे ज्ञान कोकणाइतकेच आपल्यालाही हवे आहे.

पालकांनो, आपल्या शहरातील जुन्या कापड गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तेव्हा ज्या घरात एखादा माग, शिलाईचे यंत्र किंवा लहानसे दुकान चालू होते, ते घर सावरले. मुलाला मोठ्या शिक्षणासाठी जरूर पाठवा, कर्ज काढावे लागले तर विचार करून काढा. परंतु त्यासाठी घरातला लहान व्यवसाय क्षुद्र मानून मोडू नका, आणि मुलीच्या शिक्षणाचा वाटा मुलाच्या हप्त्यात वजा करू नका.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी मत्स्यविज्ञान शिकावयाचे ठरविले तर रत्नागिरीत त्यासाठी महाविद्यालय आहे, आणि सोलापूरहून कोल्हापूरमार्गे रस्ता थेट तेथपर्यंत जातो. तेथे गेलात तर मिरकरवाड्याच्या धक्क्यावर एखाद्या वृद्ध तांडेलाजवळ अवश्य बसा. शाळा त्याला फार लाभली नसेल, पण कोणत्या महिन्यात किती वाव पाण्यात कोणती होडी न्यावी, हे तो तुम्हांला सांगेल. त्याचे ज्ञान वहीत उतरवून घ्या. जुन्या लोकांनी ज्याला मालीम म्हटले, तो असाच माणूस होता.