नजराण्यापासून निवृत्तिवेतनापर्यंत

बडोद्याच्या उत्तरेस सुमारे तीस किलोमीटरांवर सावली हे तालुक्याचे गाव आहे. महाराष्ट्रातील वाचकांच्या कानी त्याचे नाव क्वचितच पडले असेल. तथापि गायकवाड घराण्याच्या इतिहासात या गावाला मानाचे स्थान आहे. १७३२ साली डाकोर येथे मारवाडच्या अभयसिंहाने पाठविलेल्या मारेकऱ्यांनी पिलाजीराव गायकवाडांचा घात केला, आणि त्यांच्या देहावर अग्निसंस्कार झाला तो सावलीस. गुजरातेत मराठी सत्तेचा पाया घालणाऱ्या या पुरुषाचे स्मृतिमंदिर त्याच गावी आहे.

पिलाजीरावांनी मुलूख मिळविला तो तलवारीच्या जोरावर. पण मिळविलेला मुलूख राखावयाचा म्हणजे महालोमहाली वसूल गोळा करणारे, तंट्याचा निवाडा करणारे, वाटांचा बंदोबस्त ठेवणारे आणि हिशेब लिहिणारे लोक लागतात. त्यांना कोणी निवडावे, काय द्यावे, केव्हा द्यावे आणि ते थकले म्हणजे त्यांचे पुढे काय व्हावे, हे प्रश्न बखरीत फारसे येत नाहीत. परंतु राज्ये टिकतात किंवा बुडतात ती बऱ्याच अंशी याच प्रश्नांवर. सावली ज्या संस्थानात होती, त्या बडोद्याचा इतिहास याची उत्तम साक्ष देतो.

शिवछत्रपतींचा कटाक्ष रोख वेतनावर होता. जमीन तोडून दिली की चाकर मालक होऊन बसतो, हे त्यांनी ओळखले होते. पुढे मराठी राज्य नर्मदेपलीकडे पसरले तेव्हा हा दंडक मागे पडला आणि सरंजाम हीच नोकरीची मुख्य किंमत ठरली. लढाईत पडलेल्या शिपायाच्या मुलाबाळांसाठी पेशवाईत ‘बालपरवेशी’ म्हणून नेमणूक करून देत असत. आजच्या कुटुंब-निवृत्तिवेतनाचे ते पूर्वरूपच म्हणावे लागेल. मात्र त्यात एक मोठा भेद होता. बालपरवेशी ही धन्याची कृपा होती. ती चालू ठेवणे किंवा बंद करणे धन्याच्या मर्जीवर अवलंबून असे.

बडोद्यात ही मर्जीची पद्धत आणखी पुढे गेली. वसुलाचा मोठा भाग इजाऱ्याने दिला जाई. इजारदार सरकारात ठरलेली रक्कम भरण्याची हमी घेई, आणि महालात आपली माणसे बसवी. ही माणसे सरकारची नोकर नव्हती. इजाऱ्याची मुदत संपेपर्यंत भरलेला पैसा व्याजासह वसूल करावयाचा, एवढेच त्यांचे कर्तव्य. ज्याला पुढल्या वर्षी आपण या गावी असू की नसू हे ठाऊक नाही, त्याला विहीर खणविण्यात किंवा पडीक जमीन लागवडीस आणण्यात काय गोडी असणार? ज्याचे वेतन ठरलेले नाही, तो ते रयतेच्या खळ्यावरूनच उचलणार. या व्यवहारात व्यक्तीच्या सज्जनतेला फारसा वाव नव्हता. व्यवस्थाच अशी होती की सज्जनाने त्यात तोट्यात जावे.

फौजेची गोष्ट याहून बिकट होती. शिलेदार, पागा आणि अरबांची शिबंदी यांचे पगार वर्षानुवर्षे तुंबत. मग पोतदार सावकार पुढे होत, व्याजाने पैसा देत आणि महालांचा वसूल गहाण घेत. १८०२ साली आनंदराव गायकवाडांच्या अमदानीत या थकबाकीने राज्याचा गळा धरला. राजधानी अरबांच्या ताब्यात होती आणि थकलेले वेतन हातात पडल्याशिवाय ते ती सोडावयास तयार नव्हते. अखेरीस मुंबईहून कंपनीची पलटणे आली, शहराला वेढा पडला आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात अरबांनी शरणागती पत्करली. त्यांची बाकी चुकविण्यासाठी कंपनीकडून व सावकारांकडून कर्ज काढावे लागले. कर्जाला कंपनीची हमी पडली. हीच ती बडोद्याच्या इतिहासात गाजलेली ‘बहांदरी’. १८०५ च्या तहाने तैनाती फौजेच्या खर्चासाठी मुलूखही तोडून द्यावा लागला. शिपायांचा पगार वेळेवर देता आला नाही, म्हणून राज्याने आपल्या स्वातंत्र्याचा मोठा हिस्सा गमावला. रणांगणावरील पराभवापेक्षा ही हार वेगळी होती. ती खजिन्यात झाली.

पुढील अर्धशतकात बडोद्याचा एक शब्द इंग्रजी सरकारी कागदांत जाऊन बसला. तो शब्द म्हणजे ‘खटपट’. रेसिडेंट जेम्स औट्रम याने १८५१ साली मुंबई सरकारला अहवाल पाठवून बडोद्यातील लाचलुचपतीचे धागे मुंबईपर्यंत कसे पोहोचतात हे मांडले. परिणाम असा झाला की औट्रमलाच बडोदे सोडावे लागले! पुढे १८५४ साली तो परत आला, हा भाग निराळा. शेतकऱ्याने कष्टासाठी वापरावयाचा एक साधा मराठी शब्द लाचेचा पर्याय म्हणून परक्यांच्या दप्तरात नोंदला जावा, यातच त्या काळच्या कारभाराचे चित्र आले.

मल्हारराव गायकवाडांच्या कारकिर्दीत या रोगाने टोक गाठले. खंडेरावांच्या वेळचे अनेक नोकर व आश्रित दूर सारले गेले. नजराणा दिल्याशिवाय नेमणूक नाही, आणि नेमणूक मिळाली की दिलेला नजराणा प्रजेकडून भरून काढावयाचा, असे चक्र सुरू झाले. तोफा सोन्याच्या ओतल्या गेल्या, पण त्यांच्या झळाळीने कारभारातील अंधार लपण्यासारखा नव्हता. १८७३ साली कर्नल मीड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी-मंडळ बसले. १८७४ मध्ये दादाभाई नौरोजी दिवाण म्हणून आले. काझी शहाबुद्दीन, बाळ मंगेश वागळे, होर्मसजी वाडिया यांच्यासारखे सुशिक्षित सहकारी त्यांनी बरोबर आणले. नजराणा घेऊन न्याय व अधिकार देण्याची रीत मोडावी, असा दादाभाईंचा आग्रह होता. परंतु दरबार आणि रेसिडेंट कर्नल फेअर या दोहोंच्या कात्रीत त्यांना काम करणे अशक्य झाले आणि १८७५ च्या जानेवारीत ते बाहेर पडले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मल्हाररावांना पदच्युत करण्यात आले. चांगली माणसे आणली म्हणजे सुधारणा झाली असे नव्हे. त्या माणसांना नियमांचे पाठबळ लागते, हा या अल्पकाळाच्या दिवाणगिरीचा धडा होय.

ते नियम घालून देण्याचे काम सर टी. माधवराव यांच्याकडे आले. माधवराव हे तंजावर-कुंभकोणम् भागात स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातील. त्रावणकोरची आणि नंतर इंदूरची दिवाणगिरी करून ते १८७५ साली बडोद्यास आले. त्याच वर्षी मे महिन्यात नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा बारा वर्षांचा मुलगा दत्तक घेण्यात आला. तोच पुढे तिसरा सयाजीराव म्हणून प्रसिद्धीस आला.

माधवरावांच्या सुधारणेत दिपवून टाकणारे काही नव्हते. राज्याचे कडी, बडोदे, नवसारी व अमरेली असे चार प्रांत पाडण्यात आले. प्रत्येकावर सुभा, त्याच्या हाताखाली नायब सुभा आणि महालावर वहिवाटदार, अशी उतरंड लावली गेली. दिवाणी दाव्यांसाठी मुन्सफ आणि त्यांच्यावर चढती न्यायालये आली. इजाऱ्याची पद्धत बंद झाली. ज्याच्या त्याच्या कामाची हद्द ठरली आणि त्या कामाला मासिक वेतन ठरले. सावलीसारख्या गावी वसुलाला बसणारा अधिकारी आता इजारदाराचा माणूस नव्हता. तो सरकारचा नोकर होता. त्याच्या चुकीची दाद वरच्या कचेरीत मागता येऊ लागली. शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर फरक एवढाच, की दारात येणाऱ्या माणसाचे पोट आता त्याच्या खळ्यावर अवलंबून राहिले नव्हते. पण हा ‘एवढाच’ फरक म्हणजे जुन्या आणि नव्या राज्यपद्धतीमधील सीमारेषा होय.

हा विचार बडोद्यापुरता नव्हता. कॉर्नवॉलिसने बंगालमध्ये कंपनीच्या अधिकाऱ्यांचे पगार वाढविले ते त्यांचा खाजगी व्यापार बंद करण्यासाठी. खुद्द इंग्लंडात वशिल्याच्या नेमणुका मोडून परीक्षेने माणसे निवडावीत, अशी शिफारस करणारा नॉर्थकोट-ट्रेव्हेलियन अहवाल १८५४ सालचा. म्हणजे बडोद्यात माधवराव वेतनश्रेणी आखीत होते तेव्हा इंग्लंडातही ही कल्पना जुनी झालेली नव्हती. १८८१ साली तरुण महाराजांपुढे माधवरावांनी राज्यकारभारावर जी व्याख्याने दिली, त्यांत नोकर योग्यतेने निवडावा, त्याला पुरेसे वेतन द्यावे आणि लहरीखातर काढू नये, या विचाराला महत्त्वाचे स्थान होते.

सयाजीरावांनी २८ डिसेंबर १८८१ रोजी पूर्ण अधिकार हाती घेतले आणि हा धडा पुढे चालविला. हिंदुस्थानच्या कोणत्याही भागातील गुणी माणूस बडोद्यास आणावयाचा, हे त्यांचे धोरण. १८९३ साली विलायतेहून परतलेले अरविंद घोष दरमहा दोनशे रुपयांवर बडोद्याच्या सेवेत रुजू झाले. रमेशचंद्र दत्त हे १९०४ साली महसूलमंत्री म्हणून आले. न्यायखाते आणि अंमलबजावणीचे खाते वेगळे करण्याचे काम बडोद्याने ब्रिटिश प्रांतांच्या आधी हाती घेतले.

परंतु याच संस्थानाच्या इतिहासात एक पान असे आहे, की ते गाळून पुढे जाता येत नाही. १९१३ साली भीमराव आंबेडकर या तरुणाला बडोदे सरकारने अमेरिकेतील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करावयाची, असा करार झाला. करार पाळण्यासाठी आंबेडकर १९१७ च्या सप्टेंबरात बडोद्यास आले. महाराजांनी त्यांना उच्च पद दिले. पण कचेरीतील शिपाई कागदपत्रे त्यांच्या हातात न देता दुरून मेजावर टाकीत. शहरात राहावयास जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर काढण्यात आले आणि थोड्याच दिवसांत त्यांना बडोदे सोडावे लागले. नेमणूक योग्यतेची होती, वेतन ठरलेले होते, राजाची इच्छाही होती. तरीही एका विद्वानाला खुर्चीवर बसू दिले गेले नाही. सरकारी नोकरीची सुधारणा दप्तरातील नियमांनी सुरू होते, पण ती पुरी होते कचेरीतील माणसांच्या मनात. बडोद्याची ही सुधारणा त्या बाबतीत अपुरी राहिली, हे मान्य केलेच पाहिजे.

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. सावली तालुक्याचा कारभार मामलेदाराकडे आला. संस्थानी नोकरांचा समावेश मोठ्या राज्याच्या सेवेत करावा लागला. १ मे १९६० रोजी हा सारा प्रदेश गुजरात राज्यात गेला. दरम्यान, केंद्रात वरदाचारियर यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वेतन आयोगाने १९४७ साली कनिष्ठतम नोकराला तीस रुपये मूळ पगार आणि पंचवीस रुपये महागाई भत्ता सुचविला. नोकराला निर्वाहापुरते वेतन मिळालेच पाहिजे, हे तत्त्व त्यामागे होते.

निवृत्तिवेतनाची कथा मात्र अजून पुरी झालेली नव्हती. ते धन्याची कृपा की नोकराचा हक्क, हा बालपरवेशीच्या काळापासूनचा प्रश्न. त्याचा निकाल १७ डिसेंबर १९८२ रोजी लागला. १९७९ साली सुधारलेल्या सूत्राचा लाभ त्या वर्षीच्या मार्चअखेरनंतर निवृत्त होणाऱ्यांनाच द्यावयाचा, या अटीला नकारा यांनी आव्हान दिले होते. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने ती अट रद्द केली. निवृत्तिवेतन हे दान नव्हे आणि मेहेरबानीही नव्हे. केलेल्या सेवेचे ते फळ आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

पुढे वारे बदलले. आयुर्मान वाढले, निवृत्तांची संख्या वाढली आणि तिजोऱ्यांना भार जाणवू लागला. केंद्राने १ जानेवारी २००४ पासून, गुजरातने १ एप्रिल २००५ पासून आणि महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून नव्या नोकरांसाठी अंशदानाची योजना आणली. या योजनेत वर्गणी ठरलेली, पण हाती येणारी रक्कम बाजाराच्या चढउतारावर अवलंबून. मार्च २००५ मध्ये रुजू झालेल्या आणि एप्रिलमध्ये रुजू झालेल्या दोन तलाठ्यांचे काम सारखे, पण म्हातारपण मात्र निराळे! २०२३ च्या मार्चमध्ये महाराष्ट्रातील सरकारी कर्मचाऱ्यांनी जुन्या योजनेसाठी संप केला, आणि केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून काही अटींवर निश्चित रकमेची हमी देणारी एकीकृत योजना लागू केली. पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे, असे तिचे सूत्र आहे.

या वादात दोन्ही बाजूंना वजन आहे. तिजोरीत पैसा नसता दिलेले वचन कसे फसते, हे १८०२ च्या अरबांच्या बंडाने दाखविले. चाकराला उद्याची शाश्वती नसली म्हणजे तो आज कोणाच्या खिशात हात घालतो, हे इजाऱ्याच्या पद्धतीने दाखविले. म्हणून पाळता येईल असेच वचन द्यावे आणि दिलेले वचन पाळावे, यापरता शहाणपणाचा मार्ग या इतिहासात दिसत नाही.

आज सावलीच्या तालुका कचेरीत सात-बाराचा उतारा मागावयास जाणारा शेतकरी ठरलेली फी भरतो आणि पावती घेतो. त्या पावतीमागे दीड शतकाची खटपट आहे, आणि येथे तो शब्द त्याच्या मूळच्या, कष्टाच्या अर्थानेच घ्यावयाचा. जेथे पावतीवाचून आणखी काही मागितले जाते, तेथे नजराणा अद्याप जिवंत आहे आणि माधवरावांचे काम अपुरे आहे, असे समजावे.